रिकामी हाक

१

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती थोरलीला हाक मारायची आणि मगच खुर्चीच्या पाठीला पर्स अडकवायची. अकरा वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. अंगात ताप असो, घरी रात्रभर जागरण झालेलं असो, हाक चुकायची नाही. नेम म्हणजे नेम, असं ती म्हणायची. नियंत्रण कक्षातली बाकीची मंडळी त्यावर हसायची खरी, पण आठ वाजून नऊ मिनिटं झाली की सगळ्यांची बोलणी आपोआप हळू व्हायची.

हाक म्हणजे तोंडाने मारलेली हाक नव्हे. तो एक आदेश होता आणि त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं. थोरलीने तो घ्यायचा आणि 'मिळाला' एवढंच उलट कळवायचं. कागदोपत्री त्याचं नाव 'रिकामा आदेश'. कक्षात मात्र त्याला हाक म्हणत, उत्तराला ओ म्हणत, आणि तिला सगळे हाकवाली म्हणत. हाक पोचायला साधारण चव्वेचाळीस मिनिटं, ओ परत यायला तेवढीच. त्या दीड तासात ती मागच्या दिवसाचे आकडे तपासायची, चहा प्यायची, आणि मनातल्या मनात देवाला हात जोडायची.

थोरली म्हणजे गुरू ग्रहाभोवती फिरणारं त्यांचं यान. तिची हुबेहूब प्रत खाली चाचणीच्या खोलीत उभी होती, ती धाकटी. थोरलीला काहीही सांगायचं तर आधी धाकटीला सांगून बघायचं, असा तिथला शिरस्ता.

गुरूजवळ किरणांचा मारा असा की माणूस तिथे तासभर टिकायचा नाही. म्हणून थोरलीचा सगळा मेंदू बोटभर जाडीच्या धातूच्या पेटीत बंद केलेला होता. ती पेटी ज्यांनी बनवली, त्यांना तिजोरीवाले काका म्हणत. निवृत्त होऊनही त्यांचा पाय तिथून निघत नव्हता. "पोरगी दिली आपण," ते म्हणायचे, "पण सासर बघून नाही दिली. बरं, परत माहेरी आणायची सोयही नाही."

दर अठ्ठावीस दिवसांनी थोरली ग्रहाच्या अगदी जवळून जायची आणि सव्वा तास त्याच्या पाठीमागे दिसेनाशी व्हायची. त्या सव्वा तासात इकडून हाक जात नसे, तिकडून ओ येत नसे. हे सगळं भर दुपारी घडे. मग ती पलीकडून बाहेर यायची, आणि हाकवाली तिची हजेरी घ्यायची. तापमान बरोबर. वीज बरोबर. आम्ही मारलेल्या हाका चार हजार एकशे अठरा.

थोरलीने घेतलेल्या हाका चार हजार एकशे एकोणीस.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग स्वतःचाच हिशेब चुकला असणार म्हणून अकरा वर्षांची नोंद पहिल्यापासून जुळवायला घेतली. संध्याकाळी साडेपाचला ती पुन्हा चार हजार एकशे अठरावर येऊन थांबली.

२

"किरणांचा तडाखा बसला असेल," साहेब म्हणाले. ते कक्षाचे प्रमुख, आणि गेली दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही हटत नव्हती. "एखादा आकडा उलटला. होतं तसं. एक हाक जास्त झाली म्हणून मी वर काय कळवू, बाई? यान लाडात आलंय म्हणून?"

"तो आकडा तीन ठिकाणी लिहिलेला असतो, साहेब. तिन्हीकडे एकोणीसच आहे."

"मग तिन्ही उलटले."

"तिन्ही, एकाच बाजूला, एकाच अंकाने?" कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या काकांनी विचारलं. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे गृहस्थ नेमके कुणाच्या परवानगीने अजून इथे बसतात.

आकड्यामागे सविस्तर नोंद असते. प्रत्येक हाक थोरलीला केव्हा मिळाली, आणि किती मोठ्याने. ती नोंद मागवायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी काका आणि हाकवाली एकाच पडद्यासमोर बसले. आपल्या घड्याळात बसवून पाहिलं तर ती जास्तीची हाक बारा बावन्नची होती.

बारा बावन्नला थोरली ग्रहाच्या पाठीमागे होती. तिच्या आणि पृथ्वीच्या मध्ये अख्खा गुरू होता.

"आणि जोर बघ," काका म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "आपली हाक तिला मिळते ती कशी? चार गल्ल्या पलीकडे कुणीतरी कुजबुजावं तशी. ही बघ."

तो आकडा इतका मोठा होता की रकान्यात नीट मावला नव्हता.

"ही म्हणजे कशी, काका?"

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "कानाला तोंड लावून मारावी तशी," ते म्हणाले.

३

घरी आई असायची.

आईला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, त्याला सहा वर्षं झाली होती. कानाचं यंत्र कपाटाच्या खणात पडून होतं, कारण आता त्याचाही उपयोग उरला नव्हता. तिच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहून. ती मात्र तोंडाने बोलायची, मोठ्याने आणि मजेत, आणि समोरच्याला बोलायला जागाच ठेवायची नाही. आतल्या खोलीत दाराकडे तोंड करून तिची खुर्ची होती. लेक आली की आधी दिसावी म्हणून.

दिवसा सांभाळायला एक मावशी येत. डॉक्टरांना दाखवायला त्या एक वही ठेवत. गोळी कधी घेतली, झोप कधी लागली, सगळं मिनिटासकट. घड्याळ बघून लिहायचा त्यांना भारी अभिमान.

त्या दिवशी हाकवाली घरी पोचली तर मावशी चपला घालत होत्या. "ताई, एक गंमत सांगायची राहिली," त्या म्हणाल्या. "आई काल दुपारी ओ म्हणाल्या. अशा मोठ्याने. मला वाटलं दारात कुणी आलं. मी जाऊन बघते तर कुणी नाही! म्हटलं, आई, बहिऱ्या म्हणून पगार मला देता आणि ऐकू तुम्हालाच जास्त येतं."

"झोपेत असेल."

"झोपेत कसली? लोकर गुंडाळत होत्या की."

हाकवालीने हात धुतले, कणीक मळायला घेतली. दिवसभराने पाठ अशी भरून आली होती की उभं राहवत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना भास होतात. आई तिच्या आईच्या हाकेला ओ देत असेल. त्यात काय एवढं? उलट बरंच आहे, कुणीतरी प्रेमाने हाक मारतंय असं वाटणं. तिने असं स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही.

झोपताना तिने आईच्या पायांवर पांघरूण घातलं. खुर्ची आज थोडी तिरकी होती. दाराकडे होती, पण पुरती नाही. तिने ती सरळ केली.

४

अठ्ठावीस दिवसांनी थोरली पुन्हा ग्रहाआड गेली आणि बाहेर आली. जास्तीच्या हाका दोन. बारा एक्केचाळीस आणि बारा अठ्ठावन्न.

या खेपेला आणखी एक गोष्ट होती. थोरलीची मोठी ताटली कायम पृथ्वीकडे रोखलेली असायची, आणि तिच्यातूनच सगळं बोलणं चालायचं. आत जाताना ती बरोबर होती. बाहेर येताना एक तृतीयांश अंशाने वळलेली निघाली. कुणीही तिला वळायला सांगितलेलं नव्हतं.

"हाक आली की माणूस मान वळवतं," हाकवाली म्हणाली. म्हणाली आणि तिला आपलं आपल्यालाच कसंतरी वाटलं.

साहेब यावर हसले नाहीत. "सरळ करा तिला," ते म्हणाले. "एक अंशाच्या पुढे गेली तर आपला आवाज तिला ऐकूच जाणार नाही. मग तुमचा नेम आणि माझी नोकरी, दोन्ही गेले."

थोरली सरळ झाली. सांगितलेलं ती ऐकत होती. फक्त आता दुसऱ्याही कुणाचं तरी ऐकत होती.

घरी आल्यावर हाकवालीने पर्स ठेवण्याआधी मावशींची वही उचलली. ती का उचलली हे तिला सांगता आलं नसतं. बोट ओळीवरून खाली सरकत गेलं. गोळी, दहा वाजता. फळ, साडेअकरा. 'आई ओ म्हणाल्या, १२.४१.' त्याच्याखाली, 'परत ओ म्हणाल्या, १२.५८. हसल्या पण.'

तिने मागची पानं उलटली. अठ्ठावीस दिवसांपूर्वीचं पान काढलं. तिथे एकच ओळ होती. 'आई ओ म्हणाल्या, १२.५२.'

मधल्या एकाही दिवशी आई ओ म्हणाली नव्हती.

तिने वही मिटली, ठेवली, मग पुन्हा उघडली. मावशींचं घड्याळ पुढेमागे असेल. तिने ते भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं, अगदी बरोबर होतं. आणि असो बरोबर, पण तिथून इथे यायला प्रकाशालाही चव्वेचाळीस मिनिटं लागतात. तिथे जे बारा एक्केचाळीसला झालं ते इथे बारा एक्केचाळीसला कुणालाच कळू शकत नाही. हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं फार थोड्या माणसांना ठाऊक असेल. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि आतून लोकरीच्या सुया एकमेकींवर वाजत राहिल्या.

मग ती आत गेली. खुर्ची खिडकीकडे वळली होती. अर्धीअधिक.

"अगं, तिरीप डोळ्यांवर येत होती," आई म्हणाली.

खिडकी उत्तरेची होती. तिथून ऊन कधीच येत नसे.

५

तिसऱ्या खेपेला हाका तीन होत्या, आणि ताटली पाऊण अंश वळलेली. वहीत ओळीही तीनच होत्या. हाकवालीने त्या वाचल्या आणि कुणाला दाखवल्या नाहीत. काय म्हणून दाखवायच्या? लोक म्हणाले असते, बाई थकल्या आहेत, रजा द्या. आणि ती थकली होतीच. एवढी, की बसल्या जागी आपण जिवंत आहोत याची स्वतःलाच नोंद द्यावी लागेल असं वाटे.

काकांना मात्र तिने सांगितलं. चाचणीच्या खोलीत, धाकटीसमोर.

"बाकी सगळ्या आदेशांना आपण कुलूप घातलेलं आहे," काका म्हणाले. "किल्ली असल्याशिवाय थोरली कुणाचं काही घेत नाही. मग ही हाक तिने घेतलीच कशी?"

हाकवालीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. दोन महिने ती त्याचीच वाट बघत बसली होती.

"हाकेला कुलूप नाही, काका," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं होतं. उड्डाणाच्या आधी बैठक झाली, आठवतं? म्हटलं, रिकाम्या आदेशाला कसलं कुलूप? त्यात चोरण्यासारखं काय आहे? उद्या किरणांनी तिची किल्लीच पुसली गेली, तर निदान हाक तरी पोचू दे. कुणीही मारली तरी ओ देऊ दे बिचारीला. एकटी आहे ती तिथे."

"सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या," काका म्हणाले. "मीही."

"चूक माझीच."

"पोरी, रिकाम्या घराला कडी घालायची आठवण कुणाला राहते?"

मग काय करायचं ते दोघांनाही कळलं. हाक बंद करायची. पुढच्या फेरीच्या आधी थोरलीला कायमचं सांगायचं, की यापुढे रिकाम्या हाकेला ओ देऊ नकोस, कुणाच्याच. तिच्याही नाही. किल्लीचे आदेश चालू राहतील, काम चालू राहील, यान वाचेल. आणि जो कुणी हाक मारतो त्याला थोरलीकडून उत्तर मिळणं बंद होईल. मग आईचंही बंद होईल. व्हायला हवं. नाही झालं तर?

"तिथलं दार लावलं," ती हळूच म्हणाली, "आणि त्याने इथलंच ठोठावलं तर, काका?"

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "देवावर भरवसा आहे ना तुझा? मग ठेव."

शिरस्त्याप्रमाणे आधी धाकटीला सांगून बघितलं. बंदीचा आदेश दिला, मग हाक मारली. धाकटीचे दिवे लुकलुकत होते, पंखा फिरत होता, तिला ऐकू आलेलं होतं हे उघड दिसत होतं. ओ मात्र आली नाही. हाकवालीला वाटलं, आपण लेकराच्या तोंडावर हात दाबून धरला आहे.

६

चौथ्या फेरीच्या आदल्या दिवशी तिने तो आदेश पाठवला. दीड तासाने 'मिळाला' आलं. ती थोरलीची शेवटची ओ.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी तिचा हात सवयीने पुढे गेला आणि कळफलकावर तसाच थांबला. तिने पर्स खुर्चीला अडकवली. दिवसात तेवढीच एक जागा रिकामी राहिली होती, पण ती तिथेच सारखी ठेचकाळत होती.

दुपारी थोरली ग्रहाआड गेली. सव्वा तास गेला. मग ती बाहेर आली. हाकांचा आकडा जिथल्या तिथे. ताटली केसभरही हललेली नाही.

साहेबांनी टेबलावर थाप मारली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण ते वाचत नव्हते, त्यांचे डोळे भरले होते.

हाकवालीने बाहेर येऊन मावशींना फोन लावला.

"आज एकदाही नाही, ताई," मावशी म्हणाल्या. "मी घड्याळ समोर घेऊनच बसले होते. चिडीचूप. पोटभर जेवल्या आणि लोकर गुंडाळतायत."

भिंतीला टेकून ती क्षणभर उभी राहिली. देवा, तुझी कृपा, ती म्हणाली. आज लवकर घरी जायचं. आईचं डोकं धुवून द्यायचं. रविवारी दोघींनी बागेत जाऊन बसायचं.

ती पोचली तेव्हा मावशी निघून गेल्या होत्या. आतल्या खोलीत खुर्ची दाराकडे होती, सरळ, पूर्वी असायची तशी. आई तिच्याकडे बघून हसली.

"आलीस? बरं झालं बाई. मी आज ओ दिली नाही."

हाकवाली दारातच थांबली.

"म्हटलं, आज लेक लवकर येणार. तिची ती देईल." आईने लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. "इतके दिवस मी आपली देत होते, तू घरी नसायचीस म्हणून. माणसाने ताटकळत किती वेळ उभं राहायचं?"

पाटी खिडकीच्या कट्ट्यावर होती. हाकवालीने तिथपर्यंत जाऊन ती उचलली, खिडकीबाहेर न बघता. तिने लिहिलं, 'कोण?'

आईने वाचलं आणि तिला हसू आलं. "मला काय विचारतेस? नाव तर तुझं घेतात." मग तिचा आवाज जरा रागावल्यासारखा झाला, लहानपणी शिस्त लावताना व्हायचा तसा. "अगं, तू नाही का रोज हाका मारायचीस? आता त्यांनी मारली की गप्प बसायचं? हे काय वागणं झालं?"

घरात काही आवाज नव्हता. फ्रीज गुणगुणत होता, न्हाणीघरात नळ ठिबकत होता. तिने कान देऊन ऐकलं. काही नाही. खरंच काही नाही. पण घशाच्या तळाशी, जांभई यावी तसं, काहीतरी आपोआप वर येत होतं. एकच अक्षर. दिवसभर राबून शिणलेल्या माणसाला कुणी मागून हाक मारली की विचार न करता बाहेर पडतं, ते. तिने ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी आईचा हात धरला. त्या हाताला लोकरीचा वास होता, आणि तो उबदार होता.

"ही दुसरी हाक," आई म्हणाली.

तिने मान हलवली. नाही. आई, नाही.

आईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालच्या सावल्या पाहिल्या, सुकलेले ओठ पाहिले. तिचा राग उतरला. तिने दुसऱ्या हाताने लेकीच्या कपाळावरची बट मागे सारली, आणि मग तिच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत, दारात आलेल्या पाहुण्याला सांगावं तशा मोठ्या, गोड आवाजात म्हणाली,

"ओ! दमून आलीय हो ती. आत्ता नको. उद्या बघा."

मग बहिऱ्या आईने थोडा वेळ कान देऊन ऐकलं. एकदा मान डोलावली.

"बरं म्हणाले," ती लेकीला म्हणाली, आणि तिचा हात थोपटत राहिली. "सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी."